भारी कोण, थोर कोण

बॉक्सिंगची चर्चा कुठेही सुरू होवो, दहा मिनिटांत ती एकाच चिखलात रुतते: सगळ्यांत थोर बॉक्सर कोण? एक जण म्हणतो, मुहम्मद अली. दुसरा म्हणतो, मेवेदर, कारण ५०-०, म्हणजे पन्नास विजय आणि हार शून्य. तिसरा म्हणतो, पॅकियाओ, आठ वजनी गटांत जिंकलाय. चौथा हमखास म्हणतो, हे सगळे टायसनपुढे एक फेरी टिकले नसते. भांडण मिटत नाही, कारण चौघं चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात आणि प्रश्न एकच आहे असं धरून चाललेले असतात.

चौथ्याला आधी बाजूला बसवू. टायसनने ६७ किलोच्या माणसाला लोळवलं असतं यात वादच नाही; वजनी गट त्याचसाठी पाडलेत. उरलेला गोंधळ मात्र खरा आहे. ‘पाउंड-फॉर-पाउंड सर्वोत्तम’ आणि ‘सर्वकालीन थोर’ या दोन पदव्या लोक एकीच्या जागी दुसरी बिनदिक्कत वापरतात. चांगले जाणते लोकही.

थोर म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, निदान अलीपुरतं तरी. १९६४ मध्ये लिस्टन, १९७४ मध्ये किन्शासात चाळीसच्या चाळीस लढती जिंकून आलेला फोरमन, १९७५ मध्ये मनिलात फ्रेझर, या सगळ्यांना हरवलं; हेवीवेटचं, म्हणजे सर्वांत जड गटाचं, विजेतेपद तीनदा. पुढे जाऊ.

पाउंड-फॉर-पाउंडचा प्रश्न असा: अंगाच्या आकाराचा फायदा-तोटा मनातल्या मनात पुसून टाकला, तर सगळ्यात चांगला बॉक्सर कोण? ही पदवी चिकटली ती शुगर रे रॉबिन्सनला. त्या काळी प्रसिद्धी सगळी हेवीवेटची, पण डोळे असलेल्या कुणालाही दिसत होतं की जगातला सर्वांत चांगला बॉक्सर १४७ पाउंडांच्या, म्हणजे ६६.७ किलोंच्या गटात लढतोय. ही यादी बहुधा आज लढणाऱ्यांचीच असते, दर मोठ्या लढतीनंतर हलते, आणि दोन मासिकांच्या याद्या कधी जुळत नाहीत. हे फरक किरकोळ आहेत, त्यावर वेळ घालवू नये.

पाय अडकतो तो पुराव्याच्या प्रश्नात. थोरवी हिशेबाने ठरते: कुणाला हरवलं, तो तेव्हा किती जोमात होता, कुठल्या वजनावर, किती वर्षं. पाउंड-फॉर-पाउंड डोळ्यांनी ठरतं: पायांची हालचाल, अंतराचा अंदाज, ठोसा चुकवून त्याच क्षणी परत मारण्याची हातोटी. एकाला कागद पुरतो. दुसऱ्याला बघावंच लागतं.

हे पटत नसेल तर हॅरी ग्रेब घ्या. पिट्सबर्गचा हा मिडलवेट, म्हणजे मधल्या वजनाच्या गटातला बॉक्सर, १९२३ ते १९२६ जगज्जेता होता. जवळपास तीनशे लढती लढला, त्यातल्या पुष्कळशा उजव्या डोळ्याची नजर गेल्यावर. १९२२ मध्ये त्याने जीन टनीला पंधरा फेऱ्या इतकं बदडलं की टनीच्या साऱ्या कारकिर्दीतला तो एकमेव पराभव ठरला. याच टनीने पुढे जॅक डेम्प्सीला दोनदा हरवून हेवीवेटचं विजेतेपद मिळवलं आणि राखलं. म्हणजे ७२ किलोंच्या, एका डोळ्याच्या माणसाने भावी हेवीवेट विजेत्याला हरवलेलं. यापेक्षा भक्कम हिशेब दाखवा. पण ग्रेबच्या एकाही लढतीची फिल्म आज उपलब्ध नाही. व्यायाम आणि सराव करतानाची थोडीशी चित्रफीत तेवढी आहे. त्यामुळे सर्वकालीन थोरांत मी त्याला डोळे झाकून पहिल्या तिघांत बसवतो. पाउंड-फॉर-पाउंड कौशल्यात तो कितवा, यावर मी तोंड उघडत नाही, आणि जे उघडतात ते वर्तमानपत्रांची जुनी वर्णनं वाचून बोलतात, बघून नव्हे.

उलट टोकाला युक्रेनचा लोमाचेन्को. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं, तिसऱ्याच व्यावसायिक लढतीत जागतिक विजेतेपद, बाराव्या लढतीपर्यंत तीन गटांत विजेता. त्याला कोनात सरकताना बघितलं की प्रतिस्पर्ध्याची कीव यायची. त्या दोन-तीन वर्षांत तो जगात पहिला आहे म्हणणाऱ्याशी मी वाद घातला नसता. पण व्यावसायिक लढती एकूण २१, त्यांत तीन हारलेल्या. हिशेब मांडायला बसलं तर पान लवकर संपतं. बघायला अव्वल, हिशेबात मध्यम. यात विसंगती काही नाही.

रॉय जोन्स ज्युनियरच्या बाबतीत तर हे दोन्ही एकाच माणसात वेगळे होताना दिसले. १९९३ मध्ये मिडलवेट विजेता झालेल्या या माणसाने मार्च २००३ मध्ये तेहतीस पाउंडांनी जड असलेल्या जॉन रुईझकडून हेवीवेटचा एक बेल्ट, म्हणजे विजेतेपदाचा पट्टा, काढून घेतला. असं त्याआधी १८९७ मध्ये बॉब फिट्झसिमन्सनेच केलं होतं. मग जोन्स परत खालच्या गटात उतरला आणि मे २००४ मध्ये अँटोनिओ टार्व्हरच्या एका डाव्या ठोशाने दुसऱ्या फेरीत आडवा झाला. त्या रात्री त्याची पाउंड-फॉर-पाउंड खुर्ची गेली, आणि रास्त गेली. पण हॉपकिन्स, टोनी, रुईझ यांच्यावरचे विजय कुठे गेले? कुठेही नाही. ‘टार्व्हरने जोन्सचा फुगा फोडला’ हे वाक्य मला म्हणूनच सहन होत नाही.

आता वजन. लोक विचारतात, एवढा भारी आहे तर वरच्या गटात जाऊन का लढत नाही? जून १९४१ मध्ये लाइट हेवीवेटच्या, म्हणजे एक पायरी खालच्या गटातल्या, बिली कॉनने नेमकं तेच केलं. समोर जो लुई, पंचवीसएक पाउंडांनी जड. बारा फेऱ्यांनंतर कॉन दोन पंचांच्या स्कोअरकार्डांवर पुढे होता, तिसऱ्यावर बरोबरीत. तेराव्या फेरीत तो लुईला झोपवायला गेला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना स्वतःच झोपला. हिशेबात ही हार आहे, लुईच्या बाजूने मोठा विजय आहे, आणि त्यात बदल होणार नाही. पण पाउंड-फॉर-पाउंडच्या प्रश्नाला हीच लढत कॉनच्या बाजूची साक्ष देते.

रॉबिन्सनचंही असंच. २५ जून १९५२, यांकी स्टेडियम, चाळीस अंशांच्या घरातली उष्णता. समोर वरच्या गटातला जोई मॅक्झिम, पंधरा-सोळा पाउंडांनी जड. दहाव्या फेरीनंतर रेफरीच उष्म्याने गळाला, दुसरा आणावा लागला. रॉबिन्सन तिन्ही कार्डांवर पुढे, आणि चौदाव्या फेरीला स्टूलवरून उठता आलं नाही. जवळपास दोनशे लढतींत तो लढत थांबवून हरला ती ही एकदाच. नुसती आकडेवारी वाचणाऱ्याला इथे एक पराभव दिसतो. मला त्यात त्याच्या पाउंड-फॉर-पाउंड कौशल्याचा पुरावा दिसतो.

म्हणून ‘५०-०’चा मला वीट आलाय. मेवेदर बचावात अद्वितीय होता, पाच गटांत विजेता होता, हे सगळं मान्य. पण पन्नासावा विजय बॉक्सिंगची पहिलीच व्यावसायिक लढत लढणाऱ्या मॅकग्रेगरवरचा आहे, आणि तो शून्याच्या शोभेसाठी मोजायचा? रॉबिन्सन १९४३ मध्ये जेक लामोटाकडून हरला, तीनच आठवड्यांत त्याच लामोटाशी पुन्हा लढून जिंकला, मधल्या काळात तिसऱ्याच एकाशीही लढला. त्यानंतर १९५१ पर्यंत सलग ९१ लढती अपराजित. मेवेदरची अख्खी कारकीर्द त्यात दोन वेळा बसायला आली.

बेल्ट मोजणाऱ्यांनाही थोडं सुनावायला हवं. हेन्री आर्मस्ट्राँग १९३८ मध्ये फेदरवेट, लाइटवेट आणि वेल्टरवेट (१४७ पाउंडांचा गट) अशी चढत्या वजनाची तीन विजेतेपदं एकाच वेळी बाळगून होता. तेव्हा मान्य गट आठ आणि एका गटाला बहुतेक एकच विजेता. आज गट सतरा, काही संघटना अठरावाही मानतात, आणि प्रत्येक गटात चार-चार संघटनांचे बेल्ट. पॅकियाओचे आठ गट थोर आहेतच. ११२ पाउंडांच्या विजेतेपदापासून १५४ पाउंडांच्या गटापर्यंत जाणं ही चेष्टा नाही. पण तीनपेक्षा आठ मोठे म्हणून आर्मस्ट्राँग खाली, हा हिशेब शाळेतल्या बेरजेचा आहे. शिवाय पूर्वी वजन लढतीच्या दिवशीच व्हायचं. आता आदल्या दिवशी होतं, पाणी तोडून आकडा गाठायचा आणि रात्रभर खाऊन-पिऊन दहा-दहा पाउंड परत चढवायचे. त्यामुळे १९४० चा वेल्टरवेट आणि आजचा वेल्टरवेट ही रिंगमध्ये एकाच मापाची माणसं नसतात.

आपल्याकडे हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. कुस्तीच्या मैदानात गर्दी उसळते ती शेवटच्या, जड पैलवानांच्या जोडीला. पण स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९५२ मध्ये हेलसिंकीहून आणलं ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी, बँटमवेटमध्ये, म्हणजे हलक्या गटात. कुठलाही केसरी त्यांना उचलून आपटेल म्हणून ते लहान, असं कोल्हापुरात किंवा साताऱ्यात कुणी म्हणून दाखवावं.

आणखी एक सरमिसळ थोडक्यात. संस्मरणीय लढत म्हणजे थोर बॉक्सरांची लढत नव्हे. मे २००५ ची कोरालेस–कास्टियो घ्या: दहाव्या फेरीत कोरालेस दोनदा पडला, दोनदा उठला आणि त्याच फेरीत त्याने कास्टियोची लढत संपवली. गेल्या पंचवीस वर्षांतली माझ्या मते सर्वोत्तम लढत. दोघांपैकी एकही कुणाच्या सर्वकालीन पहिल्या पन्नासात नाही. मिकी वॉर्ड आणि आर्तुरो गाटी यांच्या तीन लढतींचंही तेच. उलट मे २०१५ मध्ये मेवेदर आणि पॅकियाओ, दोघंही निर्विवाद थोर, लढले तेव्हा एक ३८ चा, दुसरा ३६ चा, आणि जगाने भरमसाट पैसे मोजून बारा फेऱ्यांच्या जांभया विकत घेतल्या.

दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या १५ एप्रिल १९८५ ला, लास व्हेगासमध्ये. हॅगलर आणि हर्न्स. जेमतेम आठ मिनिटं. पहिल्या फेरीत हर्न्सने उजवा हात मोडून घेतला, हॅगलरच्या चेहऱ्यावरून रक्त वाहायला लागलं, आणि तिसऱ्या फेरीत हॅगलरने काम संपवलं. ज्याला बॉक्सिंगमध्ये काय असतं असं वाटतं त्याला मी हीच दाखवतो, अलीची कुठलीही नाही.

माझं म्हणणं विचाराल तर: कौशल्यात पहिला रॉबिन्सन, आणि दुसरा त्याच्या जवळपासही नाही. हिशेबात रॉबिन्सन, ग्रेब, आर्मस्ट्राँग, मग अली. हेवीवेटमध्ये अली, लुईच्या थोडा पुढे. १९८७ ची हॅगलर–लेनर्ड लढत, जिच्या निकालावर लोक अजून भांडतात, लेनर्डनेच जिंकली होती, आणि त्यावर मी वाद घालत नाही.