टेन्स आणि ईएमएस: स्नायू उडाला म्हणजे गुण आला असं नव्हे

दोन चिकट पॅड, दोन वायरी, मुठीत मावणारं मशीन. त्वचेवरून सौम्य वीज देणारी ही मशीनं: टेन्स वेदना कमी करण्यासाठी, ईएमएस स्नायू आवळण्यासाठी. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. बऱ्याच मशीनमध्ये तर दोन्ही एकत्रच असतात आणि बटण दाबून मोड बदलायचा असतो. मग दुखऱ्या गुडघ्यावर ईएमएस लावून अर्धा तास स्नायू उडवत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी मांडी आंबली की "हे सगळं थोतांड आहे" म्हणायचं, असा प्रकार चालतो. शंका घ्यायला हरकत नाही, पण निदान योग्य मोडवर घ्यावी.

टेन्स बहुतेकांना माहीत असतं. 1965 साली मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी मांडलेला ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्त त्याच्या मुळाशी आहे: स्पर्शाचे जाड चेतातंतू चाळवले की वेदनेचा निरोप मज्जारज्जूपाशीच मंदावतो. ठेच लागल्यावर आपण जागा चोळतो, ते यासाठीच. ईएमएसचा वेदनेशी थेट संबंध नाही. ते स्नायूकडे जाणाऱ्या चेतेला उद्दीपित करून स्नायू आवळायला लावतं. ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू नीट आवळता येत नसेल, तर फिजिओथेरपिस्ट ते वापरतात.

वीज दोन्हीकडे तीच. मग फरक पडतो कशाने? बहुतेक जण जोर, म्हणजे इंटेन्सिटी, असं उत्तर देतात आणि तिथेच फसतात. जोर वाढवून टेन्सचं ईएमएस होत नाही. खरा फरक विजेचा एकेक ठोका किती लांब आहे आणि मध्ये विश्रांती आहे की नाही, यात आहे. स्पर्शाचे तंतू त्वचेजवळ असतात, स्नायूच्या चेता सहसा खोल. ठोका आखूड असला की झिणझिण्या जाणवणं आणि स्नायू उडणं यांच्यात भरपूर अंतर राहतं. ठोका लांबवला की ते अंतर कमी होतं. म्हणून नेहमीच्या टेन्सला 50 ते 100 मायक्रोसेकंदांचा (सेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोसेकंद) ठोका आणि 80 ते 100 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितके ठोके, तेही सलग. ईएमएसला 200 ते 400 मायक्रोसेकंद, 35 ते 50 हर्ट्झ आणि कामाच्या पाळ्या: दोन सेकंदांत जोर चढतो, दहाएक सेकंद स्नायू आवळलेला राहतो, मग 30 ते 50 सेकंद सुट्टी.

ती सुट्टी शोभेची नाही. स्वतःहून हालचाल करताना स्नायूचे तंतू आळीपाळीने काम करतात. विजेने आवळताना तेच ते तंतू एकदम कामाला लागतात, त्यामुळे स्नायू लवकर थकतो. मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर हे आकडे नसतील आणि नुसतं ‘मसाज’, ‘टॅपिंग’, ‘मळणे’ असंच लिहिलं असेल, तर ते मशीन घेऊ नये. मळायला कणीक असते.

गोंधळात भर घालणारा एक अपवाद आहे. मंद टेन्स 2 ते 4 हर्ट्झवर, लांब ठोक्याने चालतं आणि त्यात स्नायू मुद्दाम उडवतात. पण ते सुटे, हलके ठोके असतात. स्नायू धरून ठेवला जात नाही, म्हणून ताकदही वाढत नाही. पहिल्यांदा वापरणाऱ्याने याच्या वाटेला जाऊच नये.

पॅड लावायची जागाही वेगळी. गुडघा दुखतोय आणि टेन्स वापरायचं, तर पॅड गुडघ्याच्या दोन बाजूंना, दुखरी जागा मध्ये ठेवून. मांडी बळकट करायची, तर एक पॅड मांडीवर वर बाहेरच्या बाजूला आणि दुसरा गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला, जिथे स्नायू फुगीर आहे. टेन्सची झिणझिण जोरकस पण सुसह्य हवी. दहा मिनिटांत ती विरली, तर जोर एक पायरी वाढवायचा. ‘जाणवेल न जाणवेल’ इतकंच लावून हात वर करणारे पुष्कळ.

टोचल्यासारखं होत असेल, तर पॅड सुकलाय किंवा कडेने सुटलाय. उरलेल्या जागेतून सगळी वीज जाते म्हणून टोचतं. त्वचा धुऊन कोरडी करा, तेल-क्रीम नको. सुकलेल्या पॅडवर पाण्याचा थेंब फिरवा, तरी चिकटेना तर फेका. पॅड मशीन बंद असतानाच लावायचे आणि काढायचे. पेसमेकर असलेल्यांनी दोन्ही मशीनपासून लांब राहावं. गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि छातीवर आरपार पॅड नकोत. गरोदरपण, अपस्मार, कॅन्सर किंवा पायात रक्ताची गुठळी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता पुराव्याचं. 2016 मध्ये ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या ‘नाइस’ संस्थेने कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका असं सांगितलं. 2022 मध्ये ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात 381 चाचण्यांचा आढावा आला. त्यात टेन्स चालू असताना आणि लगेच नंतर वेदना कमी होते असं दिसलं. ‘चालू असताना आणि लगेच नंतर’ हे शब्द विसरू नयेत. झीज भरून निघाल्याचा दावा त्यात नाही. ईएमएसच्या पोटाच्या पट्ट्यांबद्दल तर बोलायलाच नको: स्नायू आवळल्याने त्यावरची चरबी जात नाही.

करून बघायचं, तर टेन्स लावून स्वस्थ पडू नका. जी हालचाल दुखते, जिना किंवा खुर्चीतून उठणं, तीच निवडा. लावण्याआधी, लावलेलं असताना आणि काढल्यावर तासाभराने तिला 0 ते 10 गुण द्या. दोन आठवडे लिहून ठेवा. लावलेलं असतानाचा आकडा आधीच्यापेक्षा दोननेही खाली येत नसेल, तर पॅडची जागा आणि जोर एकदा बदलून बघा. तरीही तसंच राहिलं, तर मशीन परत करा.