क्रावात दिन
क्रावात दिन : (क्रोएशियन भाषेत ‘दान क्रावाते’). गळ्यातल्या टायसाठी राखलेला क्रोएशियातील दिवस. दरवर्षी १८ ऑक्टोबर. क्रोएशियाच्या संसदेने (साबोर) २००८ मध्ये तो अधिकृतपणे जाहीर केला. सुट्टी नसते. राजधानी झाग्रेब व इतर शहरांत थोरामोठ्यांच्या पुतळ्यांच्या गळ्यात तांबडे टाय बांधतात. रोज सकाळी आरशापुढे गाठ मारली जाते, पण ही पट्टी मुळात कुणाची हे सहसा कुणी विचारत नाही; ती आमची आहे, असे एका लहान देशाने हसतखेळत सांगण्याचा हा दिवस आहे.

तारखेचे कारण २००३ सालचे. त्या वर्षी १८ ऑक्टोबरला पुला येथील रोमन ॲम्फिथिएटरला (इ. स. पहिले शतक) ८०८ मी. लांबीचा तांबडा टाय गुंडाळून त्याची गाठ बांधण्यात आली. कल्पना मारियान बुशिच यांची. टायचा वारसा जपण्यासाठी झाग्रेबमध्ये स्थापन झालेल्या अकादेमिया क्रावातिका या संस्थेने ती पार पाडली.

व्युत्पत्ती : फ्रेंच ‘क्रावात’ हा शब्द क्रोएशियन लोकांच्या ‘ह्र्वात’ या स्वतःच्या नावावरून, बहुधा जर्मन ‘क्राबाट’ या रूपातून आला, असे बहुतेक कोशकार मानतात. सतराव्या शतकातील फ्रेंचमध्ये एकच शब्द क्रोएशियन घोडेस्वाराला आणि गळ्यातल्या कापडालाही लावला जाई. चौदाव्या लुईच्या घोडदळात ‘रॉयाल-क्रावात’ नावाची पलटणच होती. याउलट, चौदाव्या शतकातील कवी उस्ताश देशां यांच्या एका रचनेत हा शब्द आधीच आढळतो, असे काही अभ्यासक मांडतात. या एकट्या आधारावर क्रोएशियन व्युत्पत्ती सोडून देणे मात्र कठीण आहे.

शब्दापेक्षा प्रत्यक्ष वस्तू फ्रान्समध्ये कशी पोहोचली, हा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. लोकप्रिय कथेनुसार सु. १६३५ मध्ये तेराव्या लुईच्या मदतीला आलेले क्रोएशियन भाडोत्री सैनिक पॅरिसमध्ये दिसले आणि त्यांच्या गळ्यातले रुमाल दरबाराला आवडले. हे रुमाल निघताना पत्नीने किंवा प्रेयसीने बांधून दिलेले असत, अशी जोडही कथेला मिळते. ती सुंदर आहे, पण तिला आख्यायिकाच म्हणावे लागते. याच शतकातील फ्रेंच भाषापंडित झील मेनाज मात्र वेगळे सांगतात : हाब्सबुर्ग घराण्यातील जर्मन सम्राटाशी चाललेल्या युद्धामुळे जर्मनीशी जो संबंध आला त्यातून, १६३६ मध्ये, फ्रेंचांनी हा प्रकार क्रोएशियनांकडून घेतला. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) क्रोएशियन हलके घोडदळ मोठ्या प्रमाणावर हाब्सबुर्ग सम्राटाच्या बाजूने लढले, हे ध्यानात घेतल्यास मित्राच्या संचलनापेक्षा शत्रूशी पडलेली गाठ अधिक संभवनीय वाटते. शिवाय त्या काळी ‘क्रोआट’ म्हणवल्या जाणाऱ्या पथकांत हंगेरियन व इतर लोकही असत. तेव्हा रुमाल नेमका कोणत्या प्रदेशातला, हे त्या नावावरून ठरत नाही.

गळ्याला कापड बांधण्याची रीत अर्थातच याहून जुनी. चीनच्या छिन शृ ह्वांग सम्राटाच्या (मृ. इ. स. पू. २१०) समाधीजवळ १९७४ मध्ये सापडलेल्या मृण्मय सैनिकांच्या गळ्याशी आणि रोममधील ट्रेजन स्तंभावरील (इ. स. ११३) शिपायांच्या गळ्याशी ते दिसते. पण तिथून आजच्या टायपर्यंत अखंड परंपरा दाखवता येत नाही. क्रोएशियन अभ्यासक दुब्रोव्हनिकचे कवी इव्हान गुंदुलिच (१५८९–१६३८) यांच्या चित्रातील गळपट्टीकडेही बोट दाखवतात.

रूप व गाठी : सुरुवातीचे क्रावात म्हणजे लांब पांढरे तलम कापड, टोकांना बहुधा लेस. १६९२ च्या स्टेनकर्कच्या लढाईत फ्रेंच अधिकाऱ्यांनी घाईत ते नुसते पिळून कोटात खोचले, अशी समजूत आहे. त्यावरून ‘स्टेनकर्क’ ही ढब रूढ झाली. आजचा अरुंद लांब टाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. कापड तिरके बेतून तीन तुकडे जोडण्याची युक्ती न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी १९२० च्या दशकात काढली. तिरक्या बेतामुळे कापड किंचित ताणले जाते व गाठ सोडल्यावर पूर्ववत होते. टाय पिळवटत नाही तो यामुळे. केंब्रिजमधील टॉमस फिंक व याँग माओ या भौतिकीविदांनी १९९९ मध्ये गाठ ही चालींची मालिका मानून ८५ गाठी मोजल्या. पुढे नियम सैल करून झालेल्या गणनेत ही संख्या १,७७,१४७ वर गेली. व्यवहारात चारपाचच चालतात.

झाग्रेबमध्ये २०१० पासून सतराव्या शतकातील गणवेशाच्या धर्तीवर सजलेली ‘क्रावात पलटण’ सेंट मार्क चौकात पहाऱ्याची अदलाबदल करते. सैनिकांच्या गळ्यात तांबडा रुमाल असतो.

मराठीत : जर्मन, इटालियन, स्पॅनिश, तुर्की या भाषांतील टायच्या नावात क्रोएशियनांचे नाव अजून ऐकू येते. मराठीत ही वस्तू इंग्रजी अमलात आली आणि ‘टाय’ हाच शब्द रुळला, त्यामुळे तो दुवा राहिला नाही. ‘कंठलंगोट’ हा पर्याय सुचवला गेला, पण तो थट्टेपलीकडे वापरात गेला नाही. आपल्याकडील वकिलांच्या गळ्यातील पांढरा बँड हा क्रावातचा वंशज नव्हे. तो सतराव्या शतकातील छातीवर पडणाऱ्या कॉलरपासून आलेला आहे.