शंभरातले पंचावन्न डाव जिंकूनही कंगाल

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि नाशिकच्या कॉलेज रोडवर चहाच्या टपऱ्यांपाशी जुना वाद पुन्हा पेटला: पोकर नशिबाचा की डोक्याचा? "डोकं असेल तर पोकरमध्ये माणूस बुडत नाही," असं कुणीतरी ठणकावून सांगतंच. कायद्याचं राहू द्या, पण हे विधान गणितात नापास आहे. उत्तम खेळणाराही बुडतो, आणि त्यासाठी वाईट पत्तेच यावे लागतात असं नाही. दर वेळी झेपेल त्यापेक्षा जास्त लावलं की पुरतं.

एक नाणं घ्या, शंभरात ५५ वेळा तुमच्या बाजूनं पडणारं. जिंकलात तर लावले तेवढेच वर मिळतात, हरलात तर लावलेले गेले. खिशात १०,००० रुपये आहेत आणि दर डावाला हातात असेल त्याच्या निम्मे लावायचे. १०० डाव झाले, ५५ जिंकलात, ४५ हरलात. शेवटी किती उरले? १ रुपया ३८ पैसे!

कारण इथे बेरीज नाही, गुणाकार चालतो. जिंकलं की रक्कम दीडपट, हरलं की निम्मी. एक जिंकून एक हरलात की १.५ × ०.५ = ०.७५, म्हणजे पाव भाग गायब. आधी हरा किंवा आधी जिंका, फरक पडत नाही. तेच ५५-४५ ठेवून दर डावाला २० टक्के लावले तर ९,८६३ रुपये उरतात. १० टक्के लावले तर १६,५०१ होतात आणि ५ टक्क्यांना १४,५५४. १० टक्क्यांच्या पुढे जितकं जास्त लावाल तितकं हाती कमीच येतं.

हे १० टक्के आले कुठून? बरोबरीच्या पैजेत जिंकण्याची शक्यता वजा हरण्याची: ०.५५ − ०.४५. हे सूत्र १९५६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या जॉन केली यांनी मांडलं, आणि त्यांचा शोधनिबंध छापला त्याच कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकानं. त्यांनी कल्पना केली की पैज लावणाऱ्याला निकाल आधीच तारेवरून कळतो, पण तार खरखरते, शंभरात ४५ वेळा उलटं ऐकू येतं. अशा तारेतून दर वेळी किती खरी माहिती येते, हे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या माहिती-सिद्धांतानं मोजता येतं: ०.००७२३ बिट (बिट म्हणजे माहितीचं माप). शंभर वेळांची ०.७२३ बिट. आता २ चा ०.७२३ वा घात काढा. उत्तर १.६५. वरचे १०,००० चे १६,५०० होतात ते हेच! पैसा जास्तीत जास्त ज्या वेगानं वाढू शकतो, तो तुमच्याकडच्या माहितीच्या वेगाइतकाच. इतकं देखणं समीकरण मला दुसरं माहीत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री तीन पत्तीला बसताना कुणी जागा बदलतं, कुणी पुष्कराजाची अंगठी चोळतं. त्या अंगठीतून शून्य बिट माहिती येते.

पोकरमध्ये अडचण अशी की तुमचे ५५ खरंच ५५ आहेत का, हे कुणी लिहून देत नाही. हातात दोन एक्के आणि समोर दोन राजे असताना सगळे पैसे आत गेले, तरी शंभरात साधारण १८ वेळा राजेवाला पैसे ओढतो. म्हणून जाणकार केलीचं सूत्र सांगेल त्याच्या निम्मंच लावतात. वाढीचा सुमारे तीन चतुर्थांश वेग टिकतो आणि चढउतार निम्मे होतात. टेबलावर त्याचा ढोबळ नियम असा: घरखर्चापासून वेगळे काढलेले किमान २० ते ४० बाय-इन, म्हणजे टेबलावर बसताना घ्यायच्या रकमेच्या तितक्या पट पैसे हवेत. २,००० च्या टेबलाला ४० ते ८० हजार. रक्कम घटली की निमूट छोट्या टेबलावर जायचं, आणि नेमकं हेच मानी माणसाला जमत नाही. निफाडचा शेतकरी सगळा कांदा चाळीत भरून भावाची वाट बघत नाही, थोडा काढणीलाच विकतो. हिशेब तोच.

अजून एक कलम. टेबल चालवणारा प्रत्येक डावातून आपला हिस्सा, म्हणजे रेक, कापतो. तो वजा केल्यावर बहुतेकांचे ५५ पन्नासच्या खाली येतात आणि केलीचं सूत्र ऋण उत्तर देतं. तिथे लावायची रक्कम शून्य, बँकरोल, म्हणजे खेळासाठी ठेवलेली रक्कम, कितीही मोठा असला तरी.