रेंटनचा तांबडा: नदी, तेल आणि मुंबईचे गिऱ्हाईक

ग्लासगोच्या वायव्येला, डंबार्टन मागे टाकून लॉक लोमंड सरोवराकडे निघाले की लेव्हन नदीच्या पश्चिम काठावर रेंटन लागते. गाव इतके लहान की आगगाडीच्या खिडकीतून बघायला जरा उशीर झाला तर निघून जाते. एकोणिसाव्या शतकात मात्र इथल्या दोन कारखान्यांचा माल मुंबई बंदरात उतरत असे. डॅलहर्न हा कारखाना गावाच्या दक्षिणेला होता, तर कॉर्डेल नदीच्या एका वळणात. माल होता ‘टर्की रेड’ नावाच्या पक्क्या तांबड्या रंगातले सूत आणि छापील कापड. हा धंदा स्कॉटलंडच्या पावसाळी कोपऱ्यात का रुजला याचे उत्तर नदीच्या पाण्यात सापडते. शंभराहून अधिक वर्षे तो का टिकला हे समजायला तेलाकडे बघावे लागते.

लेव्हन नदी जेमतेम दहा किलोमीटर लांबीची. लॉक लोमंडमधून निघते आणि डंबार्टनजवळ क्लाइड नदीला मिळते. एवढे मोठे सरोवर मागे असल्यामुळे बाराही महिने पाणी, प्रवाह वेगवान आणि पाणी अतिशय मृदू. कापड धुणाऱ्याला याहून जास्त काही नको असते. जड पाण्यातला चुना साबणाशी संयोग पावून चिकट साका धरतो. तो कापडावर बसला की त्या जागी पुढे रंग चढत नाही आणि थानभर डाग दिसतात. म्हणूनच अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात डॅलहर्नला तागाचे कापड पांढरे करण्याची कुरणे सुरू झाली. पद्धत अशी: क्षाराच्या पाण्यात उकळायचे, गवतावर पसरून ऊन-पाऊस खाऊ द्यायचे, मग आंबट ताकात भिजवायचे, आणि हेच चक्र काही महिने चालवायचे. १७५६ मध्ये एडिंबराच्या फ्रान्सिस होम यांनी ताकाऐवजी पातळ गंधकाम्ल वापरण्याची शिफारस केली आणि आंबवणीचे दिवस तासांवर आले. १७९९ मध्ये ग्लासगोच्या टेनंट यांनी ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले. त्यानंतर कुरणांची गरज संपली, पण नदीची राहिली. दरम्यान कापड छापणारे विल्यम स्टर्लिंग यांचे कुटुंब लेव्हनकाठी येऊन कॉर्डेल आणि डॅलहर्न या दोन्ही ठिकाणी बस्तान बसवून होते. रेंटन गावही त्याच शतकाच्या उत्तरार्धात स्मॉलेट घराण्यातल्या बाईंनी वसवले आणि त्याला आपल्या सुनेचे माहेरचे आडनाव दिले.

तांबडा आला तो फिरत फिरत. सुती कापडावर न विटणारा लाल ही पूर्वेकडची विद्या. १७४७ मध्ये फ्रान्समध्ये रूआँ आणि लांगडॉकला ग्रीक रंगारी आणून ती शिकून घेतली गेली. रूआँचा पिएर जाक पापियाँ १७८५ मध्ये ग्लासगोला आला आणि उद्योजक जॉर्ज मॅकिंटॉश व डेव्हिड डेल यांनी त्याच्याकडून डालमार्नकला रंगशाळा काढवून घेतली. १७९० मध्ये सरकारी मंडळाने पापियाँला बक्षीस देऊन कृती लिहून घेतली. अट अशी की ठरलेली मुदत संपेपर्यंत ती उघड करायची नाही. १८०३ मध्ये मुदत संपली, कृती छापली गेली आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत लेव्हनच्या खोऱ्यात पोचली.

छापील कृती हाती आली म्हणजे रंग आला असे मात्र नव्हते. मंजिष्ठेच्या (मॅडर या वनस्पतीच्या) मुळात अलिझारीन नावाचे रंगद्रव्य असते. ते नुसते सुताला धरत नाही. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमशी आणि चुन्यातल्या कॅल्शियमशी संयोग झाला की मग धरते. तरीही तो रंग विटकरी आणि मंद येतो. झळाळी आणि पक्केपणा देते ते तेल. म्हणून रंगाऱ्याचा बहुतेक वेळ रंगाच्या हंड्यापाशी जातच नसे.

आधी सूत सोड्याच्या पाण्यात कित्येक तास उकळून त्यातले मेण काढायचे. मग इटलीहून येणारे ऑलिव्हचे तेल, मेंढीच्या लेंड्या आणि सोडा यांचे दुधाळ पाणी करायचे. तेल खवट असणे आवश्यक. खवट तेलात मोकळी स्निग्धाम्ले असतात, ती सोड्याशी मिळून साबण होतो आणि त्यामुळे उरलेले तेल पाण्यात पसरून राहते. ताजे तेल घेतले तर काही वेळात वर तरंगायला लागते आणि सुतावर कुठे जाड, कुठे पातळ बसते. परीक्षा सोपी होती: थोडे तेल सोड्याच्या पाण्यात घुसळून ठेवायचे आणि काही तासांनी फुटले तर पिंप परत करायचे.

या पाण्यात प्रत्येक लडी हाताने मळून, पिळून, ढीग करून रात्रभर ठेवायची, मग उघड्यावर आणि शेवटी साठ अंशांच्या आसपास तापवलेल्या खोलीत वाळवायची. हे एकदा नाही, पाच-सात वेळा. वाळवताना तेल हवेतला प्राणवायू घेते आणि तंतूला घट्ट चिकटते. घाईने अर्धवट वाळवलेल्या सुताचा रंग पुढे चोळल्यावर हाताला लागतो. उलट, गरम सूत तसेच ढिगात दाबून ठेवले तर त्याच प्रक्रियेची उष्णता आत कोंडते आणि ढीग आपोआप पेट घेतो. वाळवणखोल्यांच्या आगी या धंद्याला नवीन नव्हत्या.

न चिकटलेले तेल कोमट सोड्याने धुवून काढले की माजूफळाचा काढा आणि त्यापाठोपाठ तुरटी. तुरटीचे पाणी आम्लधर्मी असते, त्यात थोडा सोडा किंवा खडू घालून आम्लता मोडायची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम सहज सुतावर उतरते. तुरटीत लोहाचा अंश असला तर सगळे मुसळ केरात: लोहाशी अलिझारीन जांभळट-तपकिरी होते आणि तांबडा काळवंडतो. यासाठी तुरटी पारखून घेत आणि रंगाच्या हंड्यात उघडे लोखंड टाळत.

रंगाच्या हंड्यात मंजिष्ठेची पूड आणि बैलाचे रक्त. सूत थंड पाण्यात सोडून हळूहळू उकळीला न्यायचे. आच घाईने वाढवली तर लडीच्या बाहेरच्या बाजूलाच रंग पकडतो आणि आत फिका राहतो. गंमत अशी की ज्या मृदू पाण्यासाठी सगळे लेव्हनकाठी आले, ते इथे उपयोगी नाही. कॅल्शियम हवे, म्हणून हंड्यात मोजून खडू घालावा लागे. कमी पडला तर रंग पातळ आणि नारिंगी. जास्त झाला तर रंगद्रव्य सुताऐवजी हंड्यातच साचून वाया जाते. शेवटी बंद भांड्यात साबण, सोडा आणि कथलाचा क्षार घालून दाबाखाली उकळले की तपकिरी मळ सुटून आगीसारखा लाल वर येतो. या सगळ्याला तीन-चार आठवडे सहज लागत.

१८६८ मध्ये ग्रेब आणि लीबरमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत अलिझारीन तयार केले आणि वर्षभरात त्याच्या उत्पादनाची वाट खुली झाली. फ्रान्स-हॉलंडमधली मंजिष्ठेची शेती काही वर्षांतच बसली. पण रंगशाळेची कामाची रीत त्याहून जास्त बदलली ती तेलामुळे. १८७० च्या दशकात एरंडेल तेलावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून पाण्यात विरघळणारे ‘टर्की रेड ऑइल’ आले. तेलाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतके आम्ल थेंबाथेंबाने ओतायचे आणि मिश्रण गार ठेवायचे; तापले तर गंधकाचा धूर सुटून तेल काळे पडते. मग मिठाच्या पाण्याने धुवायचे आणि सोड्याने आम्लता घालवायची. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. जुन्या पद्धतीचा रंग अधिक टिकतो असे मत मात्र रंगाऱ्यांत पुढेही राहिले, आणि ते बरोबरच होते. एरंडीचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून होई. म्हणजे तेल इकडून जायचे आणि तांबडे कापड तिकडून यायचे.

कॉर्डेलची खासियत छपाईची. पक्क्या तांबड्यावर दुसरा रंग चढत नाही, म्हणून आधी तांबडा उडवावा लागतो. नक्षीच्या जागी टार्टरिक आम्लाची खळ छापायची आणि कापड ब्लीचिंग पावडरच्या पाण्यातून काढायचे. आम्ल लागले तिथेच क्लोरीन मोकळा होतो आणि पांढरे उमटते. खळीत प्रशियन निळा मिसळला तर निळे. शिशाचा क्षार मिसळून नंतर बायक्रोमेटमधून काढले तर पिवळे. दोन्ही मिळून हिरवे. मोर, कोयरी, वेलबुट्टी अशी नक्षी याच चार-पाच रंगांत बसवलेली असे. थानांवर देवादिकांची रंगीत चित्रे असलेले छाप चिकटवत, कारण बाजारात मालाची ओळख त्या चित्रावरून पटे.

इथे एक टोचणारी गोष्ट आहे. वऱ्हाडातले रंगारी ‘आल’ नावाच्या झाडाच्या मुळापासून तांबडा काढत, तेही एरंडेल, खार, लेंड्या आणि तुरटी वापरूनच. आलातले रंगद्रव्य अलिझारीनचे सख्खे भावंड. कारागिरी तीच, पण वाफेच्या यंत्रांनी आणि स्वस्त अलिझारीनने विलायती तांबडा इतका स्वस्त केला की आलाची लागवड टिकली नाही, आणि दख्खनच्या हातमागांवर किनारीसाठी आयात केलेले तांबडे सूत आले.

१८९८ मध्ये स्टर्लिंग यांची पेढी आणि खोऱ्यातल्याच ऑर युइंग कुटुंबाच्या दोन पेढ्या अशा तिन्ही एकत्र येऊन ‘युनायटेड टर्की रेड’ कंपनी झाली. कारण उघड होते: भाव पडत होते आणि मुंबईच्या गिरण्या स्वतः उभ्या राहत होत्या. कामगारांत बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि डिसेंबर १९११ मधल्या खोऱ्यातल्या संपात त्या आघाडीवर होत्या. पुढच्याच वर्षी जर्मनीत नॅफ्थॉल या रसायनापासूनचे कृत्रिम लाल रंग निघाले. त्यांना तेल नको, वाळवणखोली नको. दोन पाण्यांतून कापड काढले की तंतूतच लाल तयार. पहिले महायुद्ध, हिंदुस्थानातली जकात आणि स्वदेशी यांनी उरलेली बाजारपेठ आकसली. कंपनी १९६० मध्ये कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनकडे गेली आणि लवकरच काम थांबले. तिच्या सुमारे २०० नमुना-वह्या एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

जुन्या गाठोड्यातला लाल टर्कीचा की नॅफ्थॉलचा हे एका धाग्यावर तपासता येते. धागा तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात धरला तर टर्कीचा लाल नारिंगी-पिवळा होतो, कारण आम्लाने अ‍ॅल्युमिनियम-कॅल्शियमची जोड तुटते; पुढे कॉस्टिक सोडा घातला की जांभळा उमटतो. नॅफ्थॉलचा लाल आम्लात तसाच राहतो. चाचणी कापडाच्या आतल्या दुमडीतून सुटलेल्या धाग्यावरच करावी, हातमोजे घालून.