डबा नसलेले जिओकॅश : २००५ च्या निर्णयाची पार्श्वभूमी

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेला डबा (कॅश) जीपीएसच्या मदतीनं शोधायचा, आतल्या वहीत, म्हणजे लॉगबुकमध्ये, नाव लिहायचं आणि संकेतस्थळावर नोंद करायची. अशी एकेक नोंद म्हणजे एक फाइंड. सध्या लॅब कॅशवरून, म्हणजे डबा न शोधता जागेवर जाऊन फोनमध्ये उत्तर टाकायच्या कॅशवरून, त्यांचे फाइंड बाकीच्यांसोबत मोजावेत का असा जो वाद चालू आहे, तो नवीन नाही. डबा नाही, लॉगबुक नाही, मग याला फाइंड म्हणायचं का, हा प्रश्न या छंदात पहिल्या एक-दोन वर्षांतच उभा राहिला होता. २००५ मध्ये त्याचं एक उत्तर दिलं गेलं आणि पुढची सगळी भांडणं त्या उत्तरातून निघाली. नव्यानं आलेल्या मंडळींना हा मधला काळ ठाऊक नसतो, म्हणून हे टिपण.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर १८५४ मध्ये एका वाटाड्यानं बाटली ठेवली, तिथवर पोचलेल्यांनी आपापली कार्डं त्यात टाकावीत म्हणून. तिथून लेटरबॉक्सिंग सुरू झालं. पूर्वज म्हणून त्याचं नाव घ्यायला हरकत नाही, पण आपला छंद जन्मला तो एका सरकारी आदेशातून. १९८३ मध्ये वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानानं पाडलं, २६९ माणसं गेली आणि जीपीएस नागरिकांना मोफत वापरू देऊ असं अमेरिकेनं जाहीर केलं. प्रत्यक्षात नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असे. दाखवलेलं ठिकाण शंभर मीटरपर्यंत सरकलेलं. (आखाती युद्धात लष्कराकडेच लष्करी रिसीव्हर पुरेनात, बाजारातले नागरी रिसीव्हर घ्यावे लागले, तेव्हा ही चूक काही काळ बंद ठेवावी लागली होती. आपल्याच सैन्याला चकवा बसायला नको म्हणून!) २ मे २००० रोजी ती कायमची बंद झाली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये एकानं जंगलात काळी बादली अर्धवट पुरून तिचे कोऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) इंटरनेटवर जाहीर केले. आत वही, पेन्सिल, काही पुस्तकं, एक गलोल आणि घेवड्याचा डबा. तीन दिवसांत दोघं तिथं पोचले. सप्टेंबरमध्ये डब्यांची मुख्य सूची ठेवणारं संकेतस्थळ उघडलं तेव्हा जगभरातले मिळून ७५ डबे त्यावर होते.

इथवरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्यानंतर लगेच जागेचा प्रश्न आला, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

चांगल्या जागा बहुतेक वेळा कुणाच्या तरी ताब्यात असतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या खात्यानं आपल्या हद्दीत डबे ठेवायला सुरुवातीपासूनच मनाई केली. बेवारस वस्तू टाकून जायची नाही, जमीन उकरायची नाही, हे नियम तिथं जुनेच होते. मग उद्यानातल्या धबधब्यापर्यंत लोकांना न्यायचं कसं? त्यावर व्हर्च्युअलचा, म्हणजे बिनडब्याच्या कॅशचा, तोडगा निघाला. कोऑर्डिनेट्स तुम्हाला, समजा, एका जुन्या पुलापाशी नेतात. कठड्याच्या आतल्या बाजूला कोनशिला आहे. तिच्यावरचं साल आणि शेवटच्या ओळीतला तिसरा शब्द मालकाला, म्हणजे ज्यानं तो कॅश सूचीत घातला त्याला, मेलनं कळवायचा. उत्तर बरोबर असेल तर फाइंड तुमचा. जाताना तिथं काही ठेवायचं नाही की काही उचलायचं नाही. दुसऱ्यांदा गेलात तरी जागा तशीच. डबा भिजला, चोरीला गेला, रानडुकरानं फोडला ही रडगाणी नाहीत. २००१ ते २००३ या काळातले उत्तम व्हर्च्युअल ज्यांनी केलेत, त्यांना या छंदाचं खरं रूप ते वाटतं. मीही त्यातलाच, हे आधीच सांगून टाकतो.

पण गैरवापर झाला, यात शंका नाही. डबा ठेवायचा म्हणजे परवानगी, देखभाल, भिजलेली वही बदलणं. व्हर्च्युअलला यातलं काहीच नको. त्यामुळे ज्यांना कष्ट नको होते त्यांनी वाटेल ते सूचीत घालायला सुरुवात केली. रस्त्याकडेचा खांब, जंगलात पडलेला जुना बूट, एवढंच नव्हे तर मेलेलं जनावर, असे प्रस्ताव आल्याचे किस्से जुनी मंडळी अजून सांगतात. रिव्ह्यूअर म्हणजे प्रस्ताव तपासून सूचीत घेणारे, पगार नसलेले स्वयंसेवक. त्यांच्या हातात मग एक अजब मोजपट्टी दिली गेली : व्हर्च्युअलच्या जागेत ‘वॉव फॅक्टर’ हवा. शिवाय तिथं खरा डबा किंवा अनेक टप्प्यांचा कॅश का बसत नाही, तेही पटवून द्यायचं. वॉव मोजायचं कसं, हे कुणीच सांगितलं नाही. एकाला जो पुतळा भव्य वाटला तो दुसऱ्याला चौकातला नेहमीचा पुतळा. प्रस्ताव फेटाळला की माणूस चिडणार, आणि चिडलेला माणूस जाहीरपणे विचारणार की शेजारच्या शहरातला तसलाच कॅश कसा पास झाला. रिव्ह्यूअरकडे त्याला उत्तर नसे. दोन-अडीच वर्षं हे चाललं आणि स्वयंसेवक थकले. २००५ चा निर्णय तत्त्वापेक्षा या थकव्यातून आला, असं माझं मत आहे.

२००५ च्या अखेरीस नवे व्हर्च्युअल घेणं बंद झालं. वेबकॅम कॅशलाही (जागेवरच्या वेबकॅममध्ये आपली छबी टिपून घ्यायच्या कॅशलाही) तोच न्याय. आधीचे राहू दिले, पण एकदा सूचीतून गेलेला परत येणार नाही. बिनठिकाणाचे उलटे कॅश, ज्यात वस्तूचा प्रकार दिलेला असे आणि ती कुठं आहे ते तुम्ही शोधून काढायचं, ते २००६ च्या सुरुवातीला पूर्ण गोठवले. या सगळ्यांसाठी वेगळं संकेतस्थळ काढलं आणि बिनडब्याच्या जागा तिथं टाका, असं सांगण्यात आलं. कागदावर ही व्यवस्था चोख होती. वॉव ठरवायची कटकट नाही, प्रत्येक प्रकाराला आपापला वर्ग, ज्याला जे आवडेल ते त्यानं पाहावं.

एक गोष्ट मात्र केली नाही. तिथल्या भेटी तुमच्या फाइंडच्या आकड्यात धरल्या जात नव्हत्या.

हा तपशील किरकोळ वाटतो, पण माझ्या मते सगळं त्यावरच फिरलं. आपण आकड्यासाठी खेळत नाही, असं म्हणणारेही नावापुढचा आकडा पाहतातच. आकड्यात न धरल्यामुळे त्या जागा दुय्यम ठरल्या आणि लोक तिकडे वळले नाहीत. याचा पुरावा अर्थकॅशमध्ये मिळतो. भूशास्त्राचा धडा देणारे हे कॅश २००४ मध्ये एका भूवैज्ञानिक संस्थेच्या मदतीनं सुरू झाले. त्यांनाही डबा नसतो, त्यांच्यातही प्रश्नांची उत्तरं पाठवायची असतात. व्हर्च्युअलसोबत त्यांचीही रवानगी त्या वेगळ्या संकेतस्थळावर झाली होती, पण थोड्याच काळात, २००६ मध्ये, ते मुख्य सूचीत परत आले. आकड्यात मोजले जाऊ लागले आणि आज जगभर पसरले आहेत. म्हणजे डबा नसणं ही अडचण कधीच नव्हती. अर्थकॅशला निकष होता : जागेनं भूशास्त्रातलं काही शिकवलं पाहिजे. व्हर्च्युअललाही असा एखादा मोजता येणारा निकष लावता आला असता. तो शोधण्याऐवजी दार लावून घेतलं.

बंदीच्या बाजूनं बोलणारे सांगतात की उरलेल्या व्हर्च्युअलचं पुढं काय झालं ते पाहा. मालक छंद सोडून गेले, मेल वाचायला कुणी नाही आणि लोक घरबसल्या उत्तरं शोधून परदेशातले कॅश लॉग करू लागले. हे खरंच घडलं आणि त्यापायी काही सुंदर जुने कॅश सूचीतून काढावे लागले. पण मालक गायब होतो तेव्हा डब्याचीही दुर्दशाच होते. फरक इतकाच की तो डबा जंगलात कचरा म्हणून मागे राहतो.

आणि दर्जाचीच काळजी होती, तर पुढच्या काही वर्षांत जे झालं ते कसं बसवायचं? दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, हा नियम जुना. जागा आहे म्हणून दर सहाशे फुटांवर एकेक डबा टाकत सुटू नका, अशी समज मात्र त्याच्या जोडीला दिलेली असे. २००९ च्या सुमारास ती काढून टाकली. मग पॉवर ट्रेल आले, म्हणजे एकाच रस्त्याकडेला ओळीनं लावलेल्या डब्यांच्या रांगा. नेवाडातल्या निर्जन महामार्गाकडेला हजाराहून जास्त फिल्मच्या डब्या लागल्या. एकजण गाडी चालवणार, दुसरा उतरून शिक्का मारणार, पुन्हा गाडीत. २०११ मध्ये तिथल्या रस्ते खात्यानं सुरक्षेचं कारण देऊन त्या काढायला लावल्या. नंतर थोड्या बदलानं त्याच भागात पुन्हा ट्रेल उभी राहिली. त्यात वॉव कुठं आहे, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

त्याच २०११ मध्ये दोन गोष्टी झाल्या. इंग्लंडमधल्या वेदरबी गावात कॅफेबाहेर ठेवलेला डबा बॉम्बशोधक पथकानं स्फोट करून उडवला. भर वस्तीतल्या डब्यांचा धोका त्यानं ठळक झाला. बिनडब्याच्या कॅशची बाजू यापेक्षा चांगली कुणी मांडली नसती. दुसरी म्हणजे चॅलेंजेस नावाचा प्रयोग : जागेवर जा, एखादी कृती करा, फोटो टाका. जगात कुठंही करता येण्याजोगं एक पहिलंवहिलं आव्हान बेडकाची पापी घेण्याचं होतं. रिव्ह्यूअर नाही, निकष नाही, पण आकड्यात धरणार. २००५ मध्ये चांगले व्हर्च्युअल गमावलेल्यांना तो जखमेवर मीठ चोळण्याचा प्रकार वाटला नसता तरच नवल. २०१२ च्या अखेरीस प्रयोग गुंडाळला.

२०१७ मध्ये व्हर्च्युअल परत आले, पण बक्षीस म्हणून. निवडक सुमारे ४,००० जणांना प्रत्येकी एक. पुढे आणखी फेऱ्या झाल्या. जागा चांगली म्हणून व्हर्च्युअल मिळत नाही. तुमची निवड झाली तर मिळतो. वॉवची मोजपट्टी गेली आणि तिच्या जागी नशीब आणि पुण्याई आली.

आता लॅब कॅशकडे. मोठ्या मेळाव्यांपुरते २०१४ मध्ये सुरू झालेले हे कॅश काही वर्षांनी ॲपमधून सर्वत्र पसरले. जागेवर पोचायचं, फलक वाचायचा, उत्तर फोनमध्ये टाकायचं. व्हर्च्युअलच्या काळात पुलाच्या कोनशिलेवरचं साल कळवायचं, तेव्हाही हेच होतं. मात्र प्रकाशित होण्याआधी ते कुठलाही रिव्ह्यूअर तपासत नाही, आणि एका साहसातले, म्हणजे लॅब कॅशच्या एका मालिकेतले, पाच थांबे म्हणजे आकड्यात पाच फाइंड. एका व्हर्च्युअलचा एकच होई. २००५ मध्ये जे निकषाअभावी बाहेर काढलं, ते निकष न लावताच पाचपटीनं परत आलं आहे. लॅबचा आकडा वेगळा दाखवावा अशी मागणी जुने लोक करतात, तर नव्यांना ते आपल्याला कमी लेखणं वाटतं. त्या वेगळ्या संकेतस्थळाचं काय झालं ते पाहिलेल्यांना नव्यांची ही भीती अनाठायी वाटणार नाही.