वीस नॅनोमीटरची फट

1906 सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल इटलीचे कामिल्लो गोल्जी आणि स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांना विभागून मिळालं. स्टॉकहोममध्ये दोघांची व्याख्यानं झाली, तीही एकमेकांना छेद देणारी. मेंदूतली प्रत्येक मज्जापेशी सुटी असते, असं काहाल सांगत. सगळ्या पेशींचं मिळून एक सलग जाळं आहे, असं गोल्जी मानत. पेशी सुटी असल्याचं मत खोडून काढण्यासाठीच त्यांनी नोबेलचं व्यासपीठ वापरलं.

गंमत म्हणजे काहालांना जे दिसलं, ते गोल्जींच्याच युक्तीमुळे. 1873 मध्ये गोल्जींनी ती प्रसिद्ध केली होती. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये काही दिवस घट्ट होऊ द्यायचा, मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवायचा आणि पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. पिवळसर पार्श्वभूमीवर मोजक्याच पेशी काळ्याभोर झालेल्या असतात, पण ज्या होतात त्या मुळापासून शेंड्यापर्यंत. मोजक्याच रंगतात हेच बरं. सगळ्या रंगल्या असत्या तर काळ्या डागापलीकडे काही दिसलं नसतं.

काहालांनी त्यात स्वतःची भर घातली. तुकडा दोनदा रंगवायचा, आणि तो भ्रूणाचा किंवा नुकत्याच जन्मलेल्या प्राण्याचा घ्यायचा. कारण त्या वयात तंतूंवर, म्हणजे पेशीतून निघणाऱ्या लांब धाग्यांवर, मायलिन या स्निग्ध पदार्थाचं वेष्टण पुरतं चढलेलं नसतं आणि रंग सहज आत शिरतो. 1888 मध्ये पक्ष्यांच्या अनुमस्तिष्काच्या (मेंदूच्या मागच्या, लहान भागाच्या) कापांत त्यांना दिसलं की तंतू दुसऱ्या पेशीपाशी येतो, तिला वेढतो आणि संपतो. तो तिच्यात मिसळत नाही. 1891 मध्ये वाल्डेयर यांनी अशा सुट्या पेशीला न्यूरॉन हे नाव दिलं, आणि 1897 मध्ये शेरिंग्टन यांनी दोन पेशींच्या भेटीच्या जागेला सिनॅप्स म्हटलं. ही जागा तोवर कोणी पाहिलेली नव्हती. पण तंतूतून संदेश किती वेगानं जातो हे हेल्महोल्ट्झ यांनी 1850 मध्येच बेडकाच्या तंतूवर मोजलं होतं. त्या हिशोबानं प्रतिक्षिप्त क्रियेला जेवढा वेळ लागायला हवा, त्याहून थोडा जास्त लागत होता. वाटेत कुठेतरी संदेश अडखळत होता.

मग पुढचं भांडण सुरू झालं. फट आहे, तर संदेश पलीकडे जातो कसा? ठिणगीसारखा उडी मारून, की एखाद्या रसायनाच्या हातून?

रसायनाच्या बाजूचा सगळ्यात गाजलेला पुरावा ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे ऑटो लोवी यांनी दिला. ही कल्पना स्वप्नात सुचली, असं ते सांगत. पहिल्या रात्री उठून कागदावर खरडलं, ते सकाळी स्वतःलाच वाचता येईना. पुन्हा तेच स्वप्न पडलं तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले. ही कथा किती रंगवलेली आहे ते सोडून देऊ. प्रयोग मात्र विलक्षण सोपा आहे. बेडकाची दोन हृदयं मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवायची. पहिल्याच्या व्हेगस, म्हणजे मेंदूतून हृदयाकडे येणाऱ्या, मज्जातंतूला विजेनं उत्तेजित केलं की त्याचे ठोके मंदावतात. त्या हृदयातलं द्रावण काढून दुसऱ्याला द्यायचं, आणि दुसऱ्याचेही ठोके मंदावतात. दोन हृदयांना जोडणारा एकही तंतू नाही. एकातून दुसऱ्यात गेलं ते फक्त द्रावण. हे 1921 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातलं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. हेन्री डेल त्याचा अभ्यास आधीपासून करत होते, आणि 1936 चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं.

हृदयाचं ठीक आहे, तिथे सगळं सावकाश चालतं, असं म्हणायला विरोधकांना अजून जागा होती. मेंदूत आणि मज्जारज्जूत मिलिसेकंदांचा मामला, तिथे रसायन कसं पुरं पडणार? या गटाचे आघाडीचे माणूस जॉन एकल्स. 1951 मध्ये न्यूझीलंडमधल्या डनेडिन इथे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मांजराच्या मज्जारज्जूतल्या एकाच पेशीत बारीक काचेचा इलेक्ट्रोड घातला. पेशीला थोपवणारा संदेश आला की आतलं विभव (विजेची पातळी) त्यांच्या विद्युत सिद्धांतानुसार एका दिशेला सरकायला हवं होतं. ते उलट दिशेला सरकलं. एकल्स यांनी स्वतःचा सिद्धांत तिथेच सोडला आणि पुढे रसायनाच्या बाजूनं तितक्याच हिरीरीनं लिहिलं. या सगळ्या इतिहासात मला हा प्रसंग लोवींच्या स्वप्नाहून मोठा वाटतो.

त्याच सुमारास लंडनमध्ये फॅट आणि काट्झ यांना बेडकाच्या स्नायूत, मज्जातंतू शांत असतानाही, अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचे बारीक स्पंद दिसले. मोठा संदेश याच ठरावीक मापाच्या पटीत बनतो, म्हणजे रसायन धारेनं नव्हे तर पुड्या सुटाव्यात तसं सुटतं, असा अर्थ निघाला. 1950 च्या दशकाच्या मध्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं त्या पुड्याही दाखवल्या. तंतूच्या टोकाशी गोल पिशव्यांची दाटी, आणि पलीकडच्या पेशीपर्यंत सुमारे 20 नॅनोमीटरची मोकळी फट. एका मिलिमीटरात अशा पन्नास हजार फटी बसतील. काहाल 1934 मध्येच वारले होते.

एवढं झाल्यावर 1959 मध्ये फर्शपान आणि पॉटर यांनी क्रेफिश या झिंग्यासारख्या प्राण्याच्या मज्जासंस्थेत असा सिनॅप्स दाखवला जिथे वीज थेट पलीकडे जाते. धोका दिसताच शेपटी झटकून सटकायचं असतं, तेव्हा रसायनाचा अर्धा मिलिसेकंदही या प्राण्याला महाग पडतो. असे विद्युत जोड नंतर सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही सापडले. तिथे दोन पेशींची आवरणं अगदी जवळ येतात आणि त्यांच्यातून आरपार जाणाऱ्या प्रथिनांच्या नळ्यांतून आयन वाहतात. पेशी तरीही दोनच राहतात, आणि क्रेफिशच्या त्या जोडात तर संदेशाची वीज एकाच दिशेनं जाते.