शेअर कधी विकायचा (व्हॅल्यू इन्व्हेस्टिंग)

कंपनीची खरी किंमत स्वतः काढायची, बाजारातला भाव त्याच्या बराच खाली असताना शेअर घ्यायचा आणि थांबायचं, याला व्हॅल्यू इन्व्हेस्टिंग म्हणतात. घ्यायचं कसं हे सगळे सांगतात, पण साध्या गुंतवणूकदाराची खरी पंचाईत विकताना होते. मुंबईत तर दलाल स्ट्रीटवर १८७५ पासून एक्सचेंज आहे, गिरगाव-दादरच्या कित्येक घरांत आजोबांच्या कागदी सर्टिफिकेटांची फाईल सापडते, म्हणजे घेतलं होतं पण विकायचं कधी हे कोणी ठरवलंच नव्हतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे "माझा भाव आला की विकतो". २०० ला घेतलेला शेअर १२० वर आलाय, धंदा बिघडलाय हे दिसतंय तरी माणूस २०० ची वाट बघत बसतो, पण तुम्ही कितीला घेतला याच्याशी कंपनीच्या धंद्याचा काही संबंध नाही.

म्हणून विकायचं कारण घेतानाच लिहून ठेवावं. ओळखीचे एक काका, रोज ठाण्याहून फोर्टला जाणारे, दोनशे पानी वहीत प्रत्येक शेअरला दोन ओळी लिहायचे, का घेतला आणि काय झालं तर काढणार. एका पानावर होतं, "गिऱ्हाइकांकडची उधारी विक्रीपेक्षा जोरात वाढली तर बाहेर", आणि दोन वर्षांनी तसंच झालं तेव्हा भाव चढा असतानाच ते विकून मोकळे झाले. प्रमोटरनी, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांनी, आपले शेअर गहाण टाकत जाणं, हिशोब तपासणाऱ्या ऑडिटरनी मधेच राजीनामा देणं हीही अशीच कारणं.

दुसरं कारण म्हणजे भाव खऱ्या किमतीला पोचणं, पण कंपनी वाढत असेल तर ती किंमतही वर सरकते, म्हणून दरवर्षी रिझल्ट आले की हिशोब परत मांडायचा आणि माझ्या मते टप्प्याटप्प्याने विकावं. नुसता भाव पडला हे कारण नाही. जानेवारी २००८ ला २१,००० ला टेकलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,००० च्या घरात होता, तिथे घाबरून चांगल्या कंपन्या विकणाऱ्यांचं जास्त नुकसान झालं.

टॅक्सचं बघायचं पण त्याच्यासाठी अडून बसायचं नाही. २३ जुलै २०२४ पासून लिस्टेड (एक्सचेंजवर नोंदलेला) शेअर १२ महिन्यांच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के, नंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. घराचं डाऊन पेमेंट, मुलीची फी असं काही येणार असेल तर मात्र भाव न बघता तेवढे आधीच काढून एफडीत टाकावेत.